गोळ्यांची यादी आणि लाल वजा

३ जून, सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पेशंटला गोळ्यांची आठवण करून देणारं आमचं ॲप. त्यातली यादी माझ्याकडे. सकाळ, दुपार, रात्र असे तीन गट. 'बदल' दाबलं की प्रत्येक गोळीपुढे वजाचं लाल चिन्ह येतं. ते दाबलं की गोळी गेली. गटाच्या नावापुढेही तसंच चिन्ह. ते दाबलं की अख्खा गट गेला. सुटसुटीत. साहेब डिझाइन लीड नेमणार आहेत. दुसरं आहेच कोण?

५ जून.
ज्युनिअर म्हणते, दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात, वयस्कर माणसं फसतील. निदान 'नक्की काढायचं का' एवढं तरी विचारू. दीडशहाणी. तिला चहा आणायला पाठवलं.

९ जून.
ट्रायल सुरू. सासूबाईंच्या फोनमध्ये मी स्वतः ॲप घातलं. औषधांच्या चिठ्ठ्या फेकायला लावल्या. विचारत होत्या, मला जमेल ना? म्हटलं, शेंबडं पोरही वापरेल. बायकोने डोळे वटारले. कौतुकाने असावं.

१३ जून.
सासूबाईंचा मेसेज, 'सकाळ' दिसत नाही. कळवलं की रिकामा गट दिसत नाही, ते मुद्दाम तसं केलंय. त्यांचा अंगठा आला. युजर समाधानी.

१७ जून, दुपार.
सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. ॲसिडिटीची गोळी काढायला गेल्या आणि अख्खी सकाळच काढून बसल्या. प्रेशरची गोळी त्यातच होती म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. डॉक्टरांनी बायकोला ॲपचं नाव विचारलं. प्रसिद्धी अशीच होते.

१८ जून.
हॉस्पिटलात जाऊन आलो. त्यांचं तोंड एका बाजूला गेलंय, बोलता येत नाही. म्हटलं, बोलू नका, नुसते स्टार द्या, आणि फीडबॅकचा फॉर्म उघडून पुढे धरला. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. दमल्या असतील.

२० जून.
मीटिंगसाठी नवा शर्ट. ज्युनिअरच लीड झाली. असो, पाया माझाच. पहिलं काम तिने मलाच दिलं, म्हणजे विश्वास आहे. यादी दुरुस्त होईपर्यंत ट्रायलमधल्या प्रत्येकाला रोज फोन करून गोळ्या घेतल्या का ते विचारायचं.

२१ जून.
सुरुवात घरच्यांपासून. सासूबाईंचा फोन बायकोने उचलला. गोळ्या मीच देते म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, आईला बोलता येत नाही, पण तुझा आवाज ऐकला की तिचं प्रेशर चढतं, इथे फोन करू नकोस. विचारलं, तू घरी कधी येणार? तिने फोन ठेवला होता.
पुढचा नंबर लावायचा राहिला.