परसातली पिवळी वांगी

डोंबिवली, रविवार, ३ मे १९५३
परसातला तुकडा आजपासून माझ्या ताब्यात. लेक जया सासरी गेल्यापासून शीलाचा सगळा जीव तिथेच, पण बायकांच्या बागेत सायन्स नसतं. घरमालक काळुराम म्हणे शेण-पाचोळा पसरून राब जाळा. सोन्यासारखं खत जाळायचं? अडाणीपणाची कमाल झाली! शीला म्हणाली, दरवर्षी आपण जाळतोच. लक्ष दिलं नाही. खतांवरच्या इंग्रजी पत्रकाची तीन पानं वाचली आहेत. पुढचं कॉमनसेन्स.

१० मे
गोठ्यातलं ताजं शेण, सोळा पाट्या. वर भाताचं तूस. स्वतः पुरलं. पाठ धरली. ऑफिसात हेडक्लार्क दुसराच झाला, इथे तरी साहेब मीच.

२१ जून
वांग्याची रोपं लावली. शीलाने विचारलं, चार रोपं कोपऱ्यात माझ्या पद्धतीने लावू का? नको म्हटलं. एक्सपेरिमेंटमध्ये ढवळाढवळ नको.

८ जुलै
खालची पानं पिवळी. नॉर्मल असावं.

१२ जुलै, सकाळी ७
वरचीही पिवळी. काळुराम कुंपणावरून म्हणाला, शेणखात कच्चा हाय, झारं उपाशी मरतील. शेणात बसून उपाशी? हसलो. आणखी आठ पाट्या घातल्या.

१९ जुलै
चुन्याची निवळी ओतली. पिवळेपणा आता सगळीकडे सारखा. प्रगतीच ही. शीला जेवली नाही. मी काय गुन्हा केला? सगळं हिच्यासाठीच ना!

२६ जुलै
काळुरामने बजावलं, गणपतीपर्यंत तुकडा हिरवा दिसला नाही तर तिथे पेंढा रचणार. शीला रडली. मला भयंकर संताप आला. काळुरामचा.
पत्रकाचं चौथं पान उघडलं. शेण सहा महिने कुजवून मगच घालावे, असं आहे. टाइप बारीक. असला मजकूर पहिल्या पानावर नको?

३ ऑगस्ट
निश्चय: तीन आठवडे परसात पाऊल टाकायचं नाही. झाडांना विश्रांती हवी. मलाही.

२३ ऑगस्ट
नवी पानं हिरवीगार! अखेर माझं खत लागू पडलं. कोपऱ्यात उकरून काढलेल्या शेणाचा ढीग दिसला, शीलाने पेंडही भिजवून घातली म्हणे. किरकोळ गोष्टी. काळुरामला बोलावून झाडं दाखवली. तो शीलाकडे बघून हसला. पेंढ्याचं रद्द.

३० ऑगस्ट
परसाच्या फाटकाला कुलूप. काळुरामचाच डाव! तडक जाऊन जाब विचारला, चार शब्द जास्तच बोललो. तो खाली बघत म्हणाला, साहेब, कुलूप मी नाय लावला. वहिनींनीच बाजारातून आणला.
परत आलो. शीला आत वांगी खुरपत होती. मी फाटकाशी उभा होतो. तिने पाहिलं आणि खुरपत राहिली.
किल्ली मागायचा धीर झाला नाही.