पहिल्या चौकटीतली खूण

गिरड, ३ मार्च २०२५

ति. रामाजी दादास भागीरथाचा सप्रेम जय भीम. वि. वि. तुले फोन करण्यात अर्थ नाई. तुझे कान कापसाच्या जिनिंगातल्या सरकी काढायच्या रेच्यांच्या खडखडाटानं खाल्ले, अन् मी फोनवर ओरडली की शेजाऱ्यांना सगळं कळते. म्हणून पत्र.

हिंगणघाटात प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसचं शिबिर होतं. तिथल्या नमिताबाईनं सांगतलं, आता सगळ्या मालकांकडची नोकरी एकाच बारा आकडी नंबरात जमा होते. सगळी मिळून दहा वर्षं भरली, की अठ्ठावन्नव्या वर्षी पेन्शन. सीझनचे चार महिने केले तरी वर्ष पुरं धरतात. मी पाच जिनिंगांत सतरा सीझन कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचली. जे पाच मालक एकमेकांच्या घरी लग्नाले जेवले नाई, ते माझ्यासाठी एका नंबरात मांडीले मांडी लावून बसले म्हणते.

औंदा मालकानं कापूस निवडायची मशीन आणली, आम्हा बायकांना बोलावलंच नाई. माझी पौर्णिमा तिच्या सासरी, तिच्यापुढं हात पसरायचा नाई. महिन्याले हजार-बाराशे आले तर तेल, मीठ अन् बीपीच्या गोळ्या निघतात. तू जिनिंगात दिवाणजी होता, मी कोणत्याही जिनिंगात असो, मुकादम आणायचा ते आमचे फॉर्म दरसाल तूच भरायचा. जुने कागद असतील तर काढून ठेवजो.

वहिनीले जय भीम. लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नको.

भागी

---

पवनार, १२ मार्च २०२५

चि. भागीस आशीर्वाद व जय भीम. पत्र पोचले. इकडे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. तुझा भाचा रुपेश सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीवर जातो, येतो आणि झोपतो.

कागदांचे म्हणशील तर वाळवी लागली. वाळवी शिकलेली असावी, तिने फंडाचीच फाइल निवडली. तू ऑफिसात एकटी जाऊ नकोस. शिबिरातली माणसे तोंडाने देतात आणि कागदावर परत घेतात. उन्हाळा उतरला की मी स्वतः येतो. तोवर फार आशा धरू नये, आशेला व्याज नसते.

सोबत मुगवड्या. माया ठेव.

तुझा दादा

---

गिरड, २ एप्रिल २०२५

ति. दादास जय भीम. वड्या चांगल्या होत्या. मी ऑफिसात जाऊन आली, एकटी.

नमिताबाईनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. सतरा सीझनांपुढं सतरा शून्यं. दर शिमग्याले सीझन संपला की मी पेन्शनचा हिस्सा उचलून घेतला, म्हणून ती वर्षं पुसली गेली म्हणे. मी म्हटलं, मी तर फक्त सही केली. तिनं जुने फॉर्म दाखवले. इंग्रजी मले येत नाई, पण अक्षर ओळखू येते. एवढं मोत्यासारखं अक्षर जिनिंगात एकाचंच होतं.

फॉर्मात दोन चौकटी आहेत. पहिलीत खूण केली की पैसे मिळतात अन् वर्षं जातात. दुसरीत केली की वर्षं राहतात, पुढच्या मालकाकडं जोडली जातात. माझ्या सगळ्या खुणा पहिलीत आहेत.

खोटं कायले बोलू, पैसे मलेही गोड लागले. चौदा एप्रिलचं पांढरं लुगडं त्यातूनच यायचं. पण दुसरी चौकट आहे, हे तू काऊन सांगतलं नाई? माझ्यासंगं कवडी वेचणाऱ्या सीताबाई अन् मंदाबाईले मी अजून काही बोलली नाई. त्या अजून तुझं नाव चांगलं घेतात.

लोभ असू दे, उरला असेल तेवढा.

भागीरथा

---

पवनार, ९ एप्रिल २०२५

चि. भागीरथेस,

वाळवी लागली नव्हती.

सीझनच्या शेवटच्या दिवशी मुकादम लक्ष्मणराव शंभर फॉर्म टेबलावर टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत मागायचा. दुसरी चौकट समजावत बसलो असतो तर दहासुद्धा झाले नसते. शिवाय तुम्हाला पैसे हवे होते, मला चहा मिळत होता आणि बाया दिवाणजीला दुवा देत होत्या. असे मी स्वतःला सांगत आलो.

तू विचारायच्या आत लिहितो. मीही दोनदा जिनिंग बदलली. माझ्या फॉर्मवर दोन्ही वेळा दुसऱ्या चौकटीत खूण आहे. ते फॉर्म मी घरी आणून, सावकाश वाचून भरले होते. त्याची पेन्शन एकवीसशे येते.

त्यातली अर्धी तुझी. जगेन तोवर तुला सांभाळीन. वहिनीला सांगितले आहे, ती गप्प आहे. ती गप्प असली की मला भीती वाटते.

रागाव, पण पत्र टाकत राहा.

रामाजी

---

गिरड, २५ एप्रिल २०२५

ति. दादास जय भीम.

अर्ध्या पेन्शनचं वाचलं. तू सत्तरीचा, वहिनी गप्प. तू गेल्यावर वहिनीले तुझी पेन्शन अर्धीच मिळेल, त्यातली अर्धी मागायले मी कोणत्या तोंडानं येऊ?

म्हणून तहसीलातून निराधारांच्या मदतीचा फॉर्म आणला. हा मराठीत आहे. प्रत्येक ओळ दोनदा वाचली अन् माझ्याच वाकड्या अक्षरात भरली. नाव, वय, नवरा वारल्याची तारीख, सगळं. फक्त नववी ओळ सोडली. अर्जदारास सांभाळणारे कोणी आहे काय, असं विचारलं आहे. पुढं दोन चौकटी, होय अन् नाई. होय म्हटलं तर अर्ज बाद होते. नाई म्हटलं तर मिळते.

फॉर्म सोबत जोडला आहे. तेवढी खूण तू करून धाडजो. तुझ्या हाताले सवय आहे.

वहिनीले जय भीम. लोभाचं काय ते खूण पाहून लिहीन.

तुझी बहीण
भागीरथा