आजोबांच्या खुर्चीवरून

त्सोलो, मंगळवार

प्रिय बुलेल्वाताई,

आईचा ताप उतरलाय. आधी हे वाच, मग काळजी कर. नर्सबाई म्हणाल्या, लघवीला संसर्ग झाला की विसरभोळी म्हातारी माणसं अशी एकाएकी बिघडतात. गोळ्या चालू आहेत. तुझा खोकला कसा आहे?

बिघडली म्हणजे काय, तर गुरुवारपासून ती मला तिचा सासरा समजते. डोक्याला फडकं, खांद्यावर शाल, नजर खाली. नव्या सुनेसारखी घरातल्या बायकांसाठी राखलेल्या बाजूला चटईवर बसते, माझ्यासमोर घास घेत नाही. "अगं, मी फुमलानी, तुझा मुलगा!" असं चारदा सांगितलं, तर आणखीच भिंतीकडे सरकली.

काल माझ्यापुढे ताट ठेवलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. म्हणाली, "मामंजी, आज काठी नको. पाणी आणायला निघालेच मी."

ताई, आपले आजोबा! आपल्याला खांद्यावर घेऊन फिरायचे ते!

मग मी वाद सोडला. त्यांच्याच खुर्चीत बसून म्हणालो, "सूनबाई, तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं. जेव आता."

तिने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग पोटभर जेवली. ताट उचलताना हळूच म्हणाली, "मुलांना कळू देऊ नका हं. त्यांचा फार जीव आहे तुमच्यावर."

मी तिला शब्द दिलाय. तेव्हा हे पत्र वाचून फाडून टाक, आणि इथे येशील तेव्हा तुला काहीच माहीत नाही.

तुझा धाकटा भाऊ, निदान तुझ्यासाठी तरी,
फुमलानी