हिच्यातलं माझ्यात

सोमवार, १२ सप्टेंबर

सुंते, ही कॅसेट कुठे ठेवली ते शोधत बसू नकोस, ती आत्ता तुझ्यासमोर वाजते आहे. तुझा काही नेम नाही म्हणून सांगितलं. नर्स व्हायला ब्रिस्बेनला निघालेली मुलगी बूट विसरते, छत्री विसरते, आणि अर्ध्या वाटेत तिला आठवतं की आपलं मांजर मागच्या सीटवरच झोपलंय. तिथल्या रोग्यांचं देव भलं करो.

तर आजपासून तुझी नोना रोजनिशी लिहिते आहे, म्हणजे बोलते आहे. मला लिहिता येत असतं तर तुझ्या आजोबांना लग्नाआधीच नकार कळवला नसता का. लाल बटण दाबायचं आणि बोलायचं, एवढं जमतं. तारीख रेडिओ सांगतो.

नवं घर छान आहे. उसाच्या मळ्यातल्या जुन्या घराला बावीस पायऱ्या होत्या, इथे तीनच. पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, चार तोंडांची शेगडी, आणि दाराशी लिंबाचं झाड, फक्त ते कुणी छाटलेलं नाही. मागे डोंगर आणि दाट जंगल, इतकं जवळ की भांडी घासताना पानं मोजता येतात. तुझ्या रोक्कोकाकाने तीन खेपांत माझा संसार आणला, टोमॅटोच्या बरण्या एकीला तडा न जाता. आता तो पंचवीस तारखेच्या रविवारी येईल. कारखान्यात गळीत हंगाम ऐन भरात, त्याला रविवारआड सुट्टी. फोनची तार यायला पंधरा दिवस आहेत. बरंच झालं, तुझी आई रोज जेवलात का म्हणून विचारणार नाही.

माझ्यापाशी सोडून गेलीस ते तुझं मांजर, मोनाका, मजेत आहे. काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी, मठातल्या बाईसारखी सगळ्या खोल्या तपासून आली आणि शेवटी माझ्या उशीवर झोपली. मी उरलेल्या कोपऱ्यात झोपते.

गुरुवार, १५ सप्टेंबर

मागच्या अंगणात घाणेरी माजली होती. दोन दिवस वाकून ती उपटली, हात ओरबाडले. तिथे वांगी आणि मिरच्या लावणार. जमिनीत जागोजाग उकरलेलं आहे. ते बँडिकूटचं काम, म्हणजे लांब नाकाची घूसच ती. मोनाका त्या भोकांत तोंड घालून तासन्‌तास बसते आणि अंगभर काड्या घेऊन माझ्या अंथरुणात येते.

शेजारीण आली होती, डल्सी हॉब्स. माझ्याच वयाची, पायांत रबरी बूट, हातात भोपळ्याचा केक. कॉन्चेत्ता हे नाव तिच्या तोंडात मावेना, तेव्हा कॉफीच्या पहिल्या कपातच मी कॉनी झाले. बोलते भरपूर. नवऱ्याला पुरून अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून तिची पाठ दुखायची थांबली, असं म्हणाली. मला आवडली.

एकच चूक केली तिने. मोनाकाला उचलून म्हणाली, किती देखणी आहे गं ही, असं मांजर मी जन्मात पाहिलं नाही. आणि पुढे काही बोललीच नाही. आपल्यात कुणी असं बोललं की लगेच म्हणतं, देव राखो. तिला बिचारीला काय ठाऊक. दृष्ट लागू नये म्हणून मी एप्रनच्या खिशातल्या किल्लीला हात लावला, पण लोखंड शिवलं ते मी, मांजराने नाही.

शनिवार, १७ सप्टेंबर

सकाळी मोनाकाने हाक मारली ती तिची नव्हती. घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखी. मला हसू आलं, मी म्हटलं, आजोबा आले वाटतं. मग ती खिडकीतून उतरली आणि मागचे पाय तिच्यामागे आलेच नाहीत. ओढत नेले तिने, ओल्या फडक्यासारखे. मग ओकली.

डल्सीला बोलावलं. तिने एका नजरेत ओळखलं, गोचीड. अगं कॉनी, डोंगराच्या या बाजूला चावते ती साधी गोचीड नव्हे, ही लुळं करते, आधी मागचे पाय, मग पुढचे, मग श्वास. आम्ही केसन् केस चाचपला. मानेखाली सापडली, फुगलेली, राखाडी, कॉफीच्या बीएवढी. डल्सीने चिमट्याने काढली आणि बरणीत टाकली. तिथेही ती पाय हलवत होती.

तिच्याच गाडीतून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. म्हणाला, गोचीड काढली तरी विष चढतच राहतं, दोन दिवस अजून बिघडेल, तिसरा दिवस दिसला तर जगेल. अंधारात ठेवा, पाणीसुद्धा तोंडात घालू नका, गिळता येत नाही, फुप्फुसात जाईल. दर दोन तासांनी कूस बदला. डोळे मिटत नाहीत, त्यांत थेंब घाला. दारातून त्याने हाक मारून सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी आपापली डोकीही तपासा. मी हो म्हटलं. माझं डोकं रुमालात असतं, तुझे आजोबा गेल्यापासून.

रविवार, १८ सप्टेंबर

देवळात गेले नाही. न्हाणीघरात मोनाकाशेजारी चटई टाकली आहे.

करते ते सांगते, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पाठीशी. कापसाने ओठ ओले करायचे, थेंब आत जाऊ द्यायचा नाही. पोट हलकं दाबून मुतवायचं, तेवढ्यात ती माझ्याकडे बघते, आणि तिला लाज वाटते हे मला दिसतं. डोळे उघडे. श्वास आत जाताना काही नाही, बाहेर येताना कण्हणं, प्रत्येक वेळी. ते मोजू नये असं ठरवलं होतं. मोजते.

दुपारी तिचा श्वास थांबला. मी छाती चोळली, नाकात फुंकलं. परत आला.

सुंते, तू विचारलं नाहीस कधी, पण सांगून टाकते. तुझे आजोबा आजारी पडले तेव्हा तुझी परीक्षा होती, आणि जाताना तू मला म्हणालीस, नोना, त्यांना सांभाळ. मी बशीत पाणी घेऊन तेल सोडलं होतं. दृष्ट होती. उतरवायचे मंत्र दोन आहेत. एक साधा, दृष्ट वाऱ्यावर सोडायचा. दुसरा कडक, ती स्वतःच्या अंगावर घ्यायचा. मी साधा म्हटला. कडक मला येत होता. मी घाबरले. तीन दिवसांनी माझा मीको, तुझे आजोबा, गेले. तू आलीस तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडलीस, मला एका शब्दाने विचारलं नाहीस, आणि मी ते गिळून टाकलं.

आता जाताना तू पुन्हा तेच म्हणाली आहेस. सांभाळ.

सोमवार, १९ सप्टेंबर

सकाळी डॉक्टर घरी येऊन गेला, डल्सीने आणलं. दुसरं इंजेक्शन. म्हणाला, ओढत ठेवण्यापेक्षा शांत झोपवून टाकलेलं बरं, तुम्ही ठरवा. डल्सी म्हणाली, कॉनी, मांजर आहे गं, तुझं तोंड बघ आरशात, तूच मरायला टेकलीस. मी म्हटलं, तुझे बूट चिखलाचे आहेत, बाहेर काढ. दोघांना वाटेला लावलं.

भर दुपारी बशी घेतली. पाण्यात तेलाचे तीन थेंब सोडले. चांगलं असेल तर थेंब वेगळे राहतात. हे एकमेकांकडे सरकले आणि एक झाले. मोठा, गोल, मधे काळा. मी खिडकीकडे वळले तरी तो माझ्याकडे बघत होता.

या वेळी कडक म्हटला. शब्द सांगत नाही, ते नाताळच्या आदल्या दिवशीच सांगायचे असतात. अर्थ एवढाच, हिच्यातलं माझ्यात ये.

माझ्या आईचे नियम असे. ज्या बाईने घेतलं तिने तीन दिवस डोक्याचा रुमाल सोडायचा नाही. कुणाचा हात डोक्याला लागू द्यायचा नाही. आणि अंगावर जे येईल ते झटकायचं नाही. झटकलेलं परत जातं, आणि ज्याच्याकडे जातं त्याला तिथल्या तिथे संपवतं.

म्हणताच मोठी जांभई आली. एक, मग दुसरी, डोळ्यांतून पाणी. बरोबरच आहे, लागू पडल्याची खूण ती.

मंगळवार, २० सप्टेंबर

मोनाकाने शेपूट हलवलं. मग पापणी मिटली. दुपारी बशीतलं पाणी स्वतः चाटलं, गिळलं. मी तिथेच बसून रडले, कुणी नव्हतं म्हणून.

माझे पाय जड आहेत. न्हाणीघरातून स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून गेले. वळताना जमीन कलली. जागरण आहे, आणि ते दुसरंही आहे, जे मागितलं होतं.

डल्सी आली तेव्हा मला चालताना बघून म्हणाली, सकाळी सकाळी बाटली उघडलीस का. मी म्हटलं, तुला दिली नाही म्हणून राग आला का. ती हसली नाही. म्हणाली, रुमाल सोड, डोकं बघू दे, तुझ्याही अंगावर असेल. हात पुढे केला. मी तिचा हात झटकला, जोरात. नंतर वाईट वाटलं. ती म्हणाली, उद्यापासून मी मुलीकडे केर्न्सला, सोमवारी येईन, सकाळी डॉक्टरकडे जाशील अशी शपथ घे. मी संत रोक्कोची शपथ घेतली. खोटी. तो समजून घेईल, त्याला स्वतःला प्लेग झाला होता.

बुधवार, २१ सप्टेंबर

मोनाका उभी राहिली. चार पायांवर.

मी न्हाणीच्या दगडावर पडले. डोकं आपटलं, रुमाल सरकला. सारखा करताना बोट कानामागे गेलं. तिथे काहीतरी आहे. हरभऱ्याएवढं, मऊ, भरलेलं. दाबलं तर त्याचे पाय बोटाला लागले.

वाटलं, चिमटा ड्रॉवरमध्ये आहे. दोन पावलं.

मोनाका तेव्हा दारात बसून पंजा चाटत होती. तिसरा दिवस तिला दिसला होता. मला दिसत होतं की मी हे काढलं तर ती जागच्या जागी आडवी होईल. मीकोसारखी.

रुमाल घट्ट बांधला. एका गाठीऐवजी दोन.

गुरुवार, २२ सप्टेंबर

जीभ जड. हळू बोलते, समजून घे. सगळं दोन-दोन दिसतं, दोन मोनाका, दोन खिडक्या. पलंगावर आहे, यंत्र जवळ घेतलं. पाय नाहीत. म्हणजे आहेत, माझे नाहीत.

मोनाकाला आवाज परत आला. तिचा स्वतःचा. सकाळी हाक मारली, किती स्पष्ट. मी उत्तर दिलं ते — शनिवारी तिच्या घशातून आलं होतं, अगदी तेच.

छातीवर येऊन बसली. माझ्या तोंडाकडे बघते. श्वास बाहेर येताना कान टवकारते. ते कण्हणं तिला ओळखीचं आहे.

दुपारी

खरं सांगते. घाबरले. पुन्हा. रुमालाच्या गाठी सोडायला गेले, देवा, मला नको म्हणाले, तिला घे म्हणाले — सुंते, तुझ्या मांजराला घे म्हणाले मी — आणि बोटं मिटत नाहीत. गाठीवर नुसती फिरतात. दोन गाठी. मीच —

हाक मारली. डल्सीचं घर रिकामं. आवाज दारापर्यंतसुद्धा —

शुक्रवार

रेडिओचे सेल संपले. शुक्रवार असावा.

पाणी घोटलं, आत गेलं, खोकता येईना. आता नाही घोटत.

ती भुकेली. कालपासून. डबा वर, मला उठवत नाही. ओरडते. बरी झाली की भूक लागतेच, चांगली खूण ती, डॉक्टर —

डोळे मिटत नाहीत. ती चाटते. डोळ्यांच्या कडा. मग बोटं. जीभ खरखरीत. दात लावून बघितला, सोडला. राग नाही मला. ती माझ्याकडे बघते आणि मला —

रविवारी रोक्को. दोन दिवस. तिला दोन दिवस —

सुंते. मासळी पाठव. रोक्कोच्या हाती. ताजी, डब्यातली नको. उकडून. काटे काढ, विसरशील, काटे काढ. भरपूर. माझ्यासाठी काही नको. त्याला सांग, दार उघडलं की आधी तिला वाढ, माझ्याकडे बघायच्या आधी तिला —