चार जुलैचा फोन

कॅन्सस सिटी
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय लव्हेल,

बरा असशील. आई बरी आहे, खुब्याचं दुखणं तेवढं तसंच. टोमॅटो यंदा इतके लागलेत की मी चर्चमध्ये वाटत सुटले आहे. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझ्या वकीलबाईंचा निरोप मिळाला. तू किती सज्जन आहेस ते मी न्यायाधीशांना लिहून द्यायचं आहे. तू सज्जन आहेसच. चर्चची बस तू फुकट दुरुस्त करतोस, आईचं अंगण झाडतोस. हे मी लिहीन. पण ‘हवेत गोळ्या झाडणं ही आमच्या घरची साधी मजा आहे’ हे त्यांनी सांगितलेलं वाक्य मी लिहिणार नाही.

मजा कोणाची रे? चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, अंधार पडायच्या आत आई आपल्याला तळघरात न्यायची. गाद्या, मक्याच्या लाह्या, सिनेमा. तेरा वर्षांची होईपर्यंत मला ती पार्टीच वाटायची. आपण कशापासून लपतोय हे कोणी सांगितलं नाही, कारण वर अंगणात बाबाच बंदुकीचे बार काढत असायचे. यंदा तळघरात तुझ्या मुली होत्या आणि अंगणात तू.

आईला जिना उतरवेना. ती स्वयंपाकघरात बसली आणि बिडाचा तवा डोक्यावर धरला. तू दारातून म्हणालास, “आई, आता गोळीच तुला घाबरेल.” सगळे हसले. मीही हसले. आईही हसली, पण तवा काही तिने खाली ठेवला नाही. तू पिस्तुलाचे बार काढायला लागलास तसा तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. ते तू पाहिलं नाहीस. तू वर पाहत होतास.

आता ग्रेव्हलींविषयी. शेजारचा म्हातारा, पोस्टातून निवृत्त झालेला, एकटा. त्यानेच पोलिसांना कळवलं असं तू सगळ्या गल्लीत सांगितलंस. त्याच्या ओसरीवर कोणीतरी कचऱ्याची पिशवी ओतली. रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसलं नाही. त्याने मला एवढंच विचारलं की, माझं काही चुकलं का. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

फोन मी केला, लव्हेल. आईच्या न्हाणीघरातून, दार लावून. बाहेर तुझे बार चालू असताना.

हवेत गोळी झाडण्याविरुद्धचा नवा कायदा कडक आहे, ठाऊक आहे मला. पहिल्याच वेळी वर्षभरापर्यंत तुरुंग होऊ शकतो, दुसऱ्या वेळी त्याहून कितीतरी जास्त. तू म्हणतोस, आकाशात झाडली, कोणाला लागली नाही. लागली नाही हे तुला कळलं कसं? ती कुठे पडली ते तू पाहायला गेला होतास का? मला पश्चात्ताप नाही. पुढच्या वर्षी बार काढलास तर पुन्हा करीन, आणि त्या वेळी अंगणात उभी राहून, तुझ्यासमोर.

आज सकाळी आईला सांगितलं. तिने हातातलं भांडं विसळून ठेवलं. मग म्हणाली, “पोलिसांना तुझं नाव पूर्ण सांगितलंस?”

मी हो म्हणाले.

“तुझं मधलं नावसुद्धा? ते मी ठेवलंय.”

मधलंसुद्धा, म्हटलं. तिने हात पुसले आणि विचारलं, कोर्टात जायला जिना आहे की लिफ्ट. ती येणार आहे. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसू. तुझ्या बाजूच्या. विचारलं तर खरं सांगू, शिक्षा झाली तर मुलींना सांभाळू.

रविवारच्या आत ग्रेव्हलींकडे जा, माफी माग, त्यांची ओसरी धुऊन दे. गेला नाहीस तर प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे, की फोन त्यांचा नव्हता. कोणाचा होता तेही.

ज्याच्यावर रागवायचं ते माणूस आता तुला माहीत आहे. राग इथे घेऊन ये, त्या म्हाताऱ्याच्या दारात टाकू नकोस.

तुझ्याविरुद्ध गेलेली, आणि तुला न सोडणारी,
तुझी सख्खी बहीण
ओडेसा