जिन्याखालची पेटी आणि पुरुषांची गाऱ्हाणी

चिरंजीव थोरल्या नातवास,

आजीचा भरघोस आशीर्वाद, आणि तुझ्या जोडीदाराला, त्या चष्मेवाल्याला, सध्या निम्माच (पुरा हवा असेल तर समोर येऊन वाकावं). माझी तब्येत उत्तम, गुडघे सोडून. तुमची कळवा. अक्षरांशी माझी ओळख नाही आणि तुझी बहीण कामाला गेलीय, म्हणून हे पत्र तुझा बाप लिहून घेतोय. तुम्ही दोघांनी घर केलंत तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, तो तुझ्याशी बोलत नाही, पण आईला नाही म्हणायची त्याची छाती होत नाही.

तर बहिणीचा उद्योग ऐक. पुरुषांना शेजेचं सुख कशानं लाभतं, ते विद्यापीठानं तिला शोधायला लावलंय. बायकांबरोबर राहणारे, पुरुषांबरोबर राहणारे, दोन्हीकडे मन असणारे, सगळे. (लिही रे, पेन आपटू नकोस.) तिनं प्रश्नांचे फॉर्म वाटले. त्यावर नाव नाही, तरी भरून तिच्या हातात द्यायला लाजायचे. म्हणून तिनं मला पेटी देऊन जिन्याखाली बसवलं. म्हातारीला वाचता येत नाही म्हटल्यावर रांग लागली! पण मग आपण काय लिहिलंय ते आजीला कळणार कसं, या काळजीनं जो तो मला फॉर्म वाचूनच दाखवू लागला.

कुलूपवाला म्हणाला, "दुकानाची चिंता अंथरुणात शिरली की संपलंच, आजी." मागे छापखान्यातला उभा होता, वीस वर्षं एका ड्रायव्हरबरोबर संसार करणारा. म्हणे, "आमचंही तेच. त्यात शेजारी भिंतीला कान लावून आहेत असं वाटलं, की सगळं गार." एक आडदांड गडी तर रडवेला झाला. बायको दिवसभरात दोन शब्द गोड बोलली तरच त्याचं काही खरं.

तीन दिवस ऐकलं. शरीर-बिरीर नंतरचं रे. मनात भीती नको, लाज नको, आणि कुणीतरी मायेनं विचारायला हवं. घरात बाई असो की बुवा, रडगाणं एकच. तुमच्यात काही वेगळं ऐकायला मिळेल म्हणून मी कान टवकारले होते. निराशा झाली.

तुझी आजी

ता. क. खरं काम हे. मागच्या खोलीतल्या दोन खाटा सुताराकडून जोडून घेतल्यात, दाराला आतून कडी बसवलीय. दोघेही या. माझे आता किती दिवस उरलेत (डॉक्टर म्हणतो पुष्कळ, त्याचं मनावर घेऊ नकोस).

ता. क. दुसरा. हे मी, तुझा बाप. एवढं आईला वाचून दाखवणार नाही. सुतार आलाच नाही, खाटा मीच जोडल्यात. जरा करकरतात. तुम्ही आलात की तिघे मिळून घट्ट करू.