मॅसॅच्युसेट्सचा तिसरा तुकडा

डार्मश्टाट, जर्मनी, नोव्हेंबर १९५८, रविवार

आज घरमालकीण फ्राऊ केलर स्वतःच इंग्रजी शिकायला बसल्या, त्यांच्या मुलीच्या, इंगेच्या खुर्चीवर. आधी तीच तिथे बसून माझ्याकडे शिकायची. इंगे अमेरिकन नवऱ्याबरोबर गेली. आता कशाची परत येते!

"हेर जोशी, मुलगी राहते तिथलं नाव तरी मला नीट म्हणता यायला हवं."

मी चमच्याने टेबलावर ठोकत तुकडे पाडून दिले. मॅ-सॅ-च्यू-सेट्स. जोर तिसऱ्यावर. पहिले दोन त्या छान म्हणत, पण तिसऱ्यावर जोर द्यायला गेल्या की मध्येच थांबून डोळे पुसायच्या. पुन्हा चमचा, पुन्हा तेच. शेवटी मीच चमचा खाली ठेवला.

मला का एवढं लागलं? पुण्यात आई शेजारणींना सांगत असेलच, मुलगा कुठे असतो ते. 'डार्मश्टाट' म्हणायला तिला कोणी शिकवलं असेल?